परमुलखातली थोडकी पेन्शन आणि सुखाचा हिशेब

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत गौरवपर लेख पुष्कळ येतील आणि ते यावेतही. पण घरी नेल्यावर कपाटातून पुन्हा काढून वाचावे, असे एखादे पान त्यात असावे, असे आम्हांला वाटले. म्हणून गोडादऱ्यातील आपल्या बहुतेक घरांना आज ना उद्या ज्याची गरज पडणार आहे, असा विषय आम्ही घेतला आहे. गाव सोडून परप्रांतात आलेल्या आणि आता तुटपुंज्या पेन्शनीवर राहणाऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी सुखाने कसे राहावे, हा तो विषय होय. वाचकांनी हे पान धड्यासारखे वाचावे. जमल्यास जवळ कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

आपली परिस्थिती

गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात आपण आलो ते मुख्यतः खानदेशातून. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून सुरत-भुसावळ लोहमार्गाने उधन्याला उतरलो आणि यंत्रमाग, डाइंग मिल, कापडबाजार यांत पोटापाण्याला लागलो. आज आपल्यातील वृद्धांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग सारे आयुष्य सुरतेतच कष्ट केलेल्यांचा. दुसरा वर्ग महाराष्ट्रात एस.टी.त, साखर कारखान्यात, सूतगिरणीत किंवा शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या आणि म्हातारपणी मुलाकडे इकडे आलेल्यांचा. दोघांचीही अडचण एकच. पेन्शन ठरावीक आहे आणि मुलूख वाढत्या खर्चाचा आहे.

युरोप-अमेरिकेतील पुष्कळ पेन्शनर निवृत्तीनंतर पोर्तुगाल, मेक्सिको किंवा थायलंड अशा कमी खर्चाच्या देशांत जाऊन राहतात. महाग देशात मिळवलेला पैसा स्वस्त देशात खर्च करावा, म्हणजे तो पुरतो, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे गोष्ट नेमकी उलटी आहे. गावात घरभाडे नाही, दूध-भाजी ओळखीची, सरपण शेताचे. ते सोडून आपण शहरात येतो, कारण मुले आणि नातवंडे इथे आहेत. तेव्हा परदेशी पेन्शनरांची युक्ती आपल्या उपयोगाची नाही. आपल्याला दुसरा हिशेब मांडावा लागेल. त्यात नुसता पैसा धरून चालणार नाही. घर, कागदपत्रे आणि माणसेही धरावी लागतील.

पेन्शन ही मेहेरबानी नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्यातील कित्येक वृद्ध पेन्शनीचा उल्लेख संकोचाने करतात. जणू सरकारने दया म्हणून ती दिली आहे. जर्मनीत १८८९ साली कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या पेन्शनीचा कायदा झाला. इंग्लंडात १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकारा खटल्यात निकाल दिला की, पेन्शन हे दान नाही की कृपा नाही. ते पूर्वी केलेल्या सेवेचे मोल आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर्स डे म्हणून पाळतात. तात्पर्य, पेन्शन घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. घरात सुनेपुढे नाही आणि बँकेत कारकुनापुढेही नाही.

पेन्शन किती, ती कशी मोजतात

कारखाने, गिरण्या, एस.टी. महामंडळ वगैरे ठिकाणच्या कामगारांना जी पेन्शन मिळते, ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली. तिचे नियम थोडक्यात असे: मालक भविष्यनिर्वाह निधीत जी रक्कम भरतो, तिच्यातून पगाराचे ८.३३ टक्के या योजनेत जातात. सप्टेंबर २०१४ पासून या हिशेबाला दरमहा १५,००० रुपये पगाराची मर्यादा आहे. किमान दहा वर्षे सेवा हवी. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. शेवटच्या साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी काढायची, तिला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे.

उदाहरण घेऊ. डाइंग मिलमधील एक कामगार २०१५ मध्ये नोंदला गेला आणि दहा वर्षांनी ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या पगाराची सरासरी १४,००० रुपये निघाली. १४,००० गुणिले १०, भागिले ७०, म्हणजे दरमहा २,००० रुपये. सेवा वीस वर्षांची असती, तर नियमाप्रमाणे आणखी दोन वर्षे जमेस धरली गेली असती. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते. पण ५८ ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापले जातात, आणि ही कपात जन्मभराची असते. उलट ५८ नंतर थांबून साठीला घेतली, तर दर वर्षामागे चार टक्के अधिक मिळतात. म्हणून हातात काम असेल तर घाई करू नये.

या योजनेतील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरली. ती ७,५०० रुपये व्हावी आणि तीवर महागाई भत्ता मिळावा, यासाठी या पेन्शनरांनी देशभर चळवळ केली. तिचे एक मोठे केंद्र महाराष्ट्रात बुलढाण्याला आहे. मागणी न्याय्य आहे. पण घरचा हिशेब उद्या काय मिळेल यावर नव्हे, तर आज काय मिळते यावर मांडावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जिल्हा परिषदेच्या किंवा सरकारी नोकरीतील जुन्या पद्धतीच्या पेन्शनीवर महागाई भत्ता असतो. कामगारांच्या या पेन्शनीवर तो नसतो. वर्षाला सहा टक्क्यांनी भाव वाढले, असे धरू. ७२ ला सहाने भागले की बारा येतात. म्हणजे बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. ५८ व्या वर्षी मिळणारे २,००० रुपये सत्तराव्या वर्षीही २,००० च असतील. पण त्यांत आजच्या एक हजाराचाच माल येईल. ब्याऐंशीव्या वर्षी पाचशेचा. म्हणून पेन्शन लागल्याच्या पहिल्या महिन्यापासूनच थोडे बाजूला पडले पाहिजे.

ठेव कोठे ठेवावी

निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून एक रक्कम हाती येते. आयुष्यात एवढा पैसा एकदम पहिल्यांदाच दिसलेला असतो आणि तो दिसला, की सल्लागारही पुष्कळ दिसू लागतात. कोणी प्लॉट सांगतो, कोणी भिशी सांगतो, कोणी महिन्याला पाच टक्के व्याज सांगतो. आमचे सांगणे असे, की पहिले तीन महिने ही रक्कम बँकेतच राहू द्यावी आणि कोणालाही होकार देऊ नये. महिन्याला पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ टक्के. प्रामाणिक धंद्यात एवढे व्याज देणे परवडत नाही, हे कापडबाजारात वावरलेल्या माणसास सांगायला नकोच.

साठी उलटलेल्यांसाठी पोस्टात आणि बँकांत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. निवृत्त झालेल्यांना काही अटींवर ५५ व्या वर्षापासूनही त्यात ठेव ठेवता येते. मुदत पाच वर्षांची. पुढे वाढवता येते. १ एप्रिल २०२३ पासून तिचा दर वर्षाला ८.२ टक्के झाला आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. सरकार दर तिमाहीला दर तपासते, म्हणून ठेव ठेवण्याच्या दिवशी काय दर आहे ते विचारावे; त्या दिवशीचा दर पुढे पूर्ण मुदत कायम राहतो. चार लाख रुपये ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचे ३२,८०० आणि तिमाहीचे ८,२०० रुपये येतात. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेचा दर त्याच दिवसापासून ७.४ टक्के झाला. त्या हिशेबाने चार लाखांवर महिन्याला सुमारे २,४६६ रुपये पडतात. पहिलीत व्याज जास्त, दुसरीत दरमहा पैसे हातात. तिमाहीचे पैसे तीन महिने पुरवण्याची शिस्त असेल, त्याने पहिली घ्यावी.

घरातला वाटा

आता वरील कामगाराचाच हिशेब पुढे चालवू. पेन्शन २,००० आणि ठेवीचे महिन्याला २,७३३, मिळून ४,७३३ रुपये. नवराबायको दोघे मुलाकडे राहतात. एवढ्या पैशात स्वतंत्र बिऱ्हाड होणार नाही, हे उघड आहे. पण मुलाच्या घरी मानाने राहता येईल काय? आमच्या मते येईल. नमुन्यादाखल वाटणी अशी: घरखर्चात वाटा १,८००, औषधपाणी ९००, गावची खेप, रिक्षा आणि मोबाईल ४५०, आहेर, देवधर्म आणि नातवंडांचा खाऊ ४००, दोघांचा हातखर्च ५८३, शिल्लक ६००. बेरीज ४,७३३.

या वाटणीत दोन कलमांवर वाचकांचे दुमत होईल. पहिले, घरखर्चातला वाटा. काही म्हणतील, बापाने मुलाला पैसे देणे हे आपल्या रीतीला धरून नाही. काही उलट म्हणतील, सगळी पेन्शन मुलाच्या हातात द्यावी आणि मोकळे व्हावे. आम्हांला दोन्ही टोके पटत नाहीत. काहीच दिले नाही, तर महागाईच्या दिवसांत सून बोलत नाही, पण तिच्या मनात येते. सगळेच दिले, तर दाढीच्या पैशासाठी हात पसरावा लागतो आणि त्या दिवसापासून म्हातारा माणूस घरात अबोल होतो. ठरलेला वाटा ठरलेल्या तारखेला, शक्यतो सुनेच्या हातात द्यावा. कारण किराणा तीच आणते. त्याने घरातली कुरकुर कमी होते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

दुसरे कलम शिल्लकीचे. सहाशे रुपये दरमहा म्हणजे वर्षाला ७,२००. पाच वर्षांत व्याज न धरता ३६,०००. भाववाढीचे भोक बुजवायला हाच चिखल उपयोगी पडतो. मुलाचे काम सुटले किंवा कारखान्यात मंदी आली, तरी या रकमेला हात लावण्यापूर्वी घरात सर्वांनी बसून विचार करावा.

गावचे घर विकावे काय?

या धड्यातील सर्वांत अवघड प्रश्न हा. मुलाला गोडादऱ्यात किंवा डिंडोलीत स्वतःचे घर घ्यायचे असते. बँक कर्ज देते, पण सुरुवातीची रक्कम कमी पडते. मग गावच्या घराकडे आणि दोन बिघे शेताकडे लक्ष जाते. मुलगा वाईट नसतो, मागणीही गैर नसते. वडील शेत विकतात, पैसे देतात. घर मुलाच्या आणि सुनेच्या नावावर होते. पुढे पाच वर्षांनी घरात भांडण होते, किंवा देव न करो, मुलगाच राहत नाही, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या नावावर इकडेही काही नसते आणि तिकडेही काही उरलेले नसते. अशी घरे आपल्या वस्तीत आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

मदत करू नये, असे आम्ही म्हणत नाही. मुलाचे घर झाले पाहिजे. पण तीन नियम पाळावेत. पहिला, गावचे राहते घर शेवटपर्यंत विकू नये. फार तर शेताचा विचार करावा. ज्याला परत जायला जागा आहे, त्याला परक्या ठिकाणी राहणे सोपे जाते. दुसरा, पैसे दिले असतील तर नव्या घराच्या दस्तात आईचे किंवा वडिलांचे नाव असावे. तिसरा, मालमत्ता बक्षीस दिली, तर आमचा सांभाळ करावा ही अट त्याच दस्तात स्पष्ट लिहावी.

या तिसऱ्या नियमामागे कायदा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली जो कायदा झाला, त्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन पुढे सांभाळ केला नाही, तर ती देणगी न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. मध्य प्रदेशातील एका आईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि घराचा ताबा आईला परत देण्यास सांगितले. याच कायद्याखाली मुलांकडून निर्वाहखर्चही मागता येतो. अर्ज साधा असतो आणि वकील लावण्याची सक्ती नसते. कोर्टाची पायरी चढण्याची वेळ कोणावरही येऊ नये. पण अट लिहिलेली असली, की ती वेळ बहुधा येत नाही; म्हणून ती प्रेमाच्या दिवसांतच लिहावी. चांगल्या मुलाला तिचा राग येत नाही.

औषधपाणी

थोडक्या पेन्शनीचा खरा शत्रू आजार होय. बाकीचे खर्च आवरता येतात, हा येत नाही. त्यासाठी चार आधार आहेत.

एक, सत्तरी गाठलेल्या प्रत्येकास २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत घेतले गेले. उत्पन्नाची अट नाही. कुटुंबातील सत्तरीपुढच्या मंडळींना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळू शकतात. वय आधार कार्डावरून पाहतात. म्हणून आधार कार्डावरील जन्मतारीख चुकली असेल, तर ती दुखणे येण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

दोन, जे कामगार विमा योजनेत म्हणजे ई.एस.आय.मध्ये होते आणि ज्यांनी किमान पाच वर्षे विम्याच्या नोकरीत काढून वयोमानाने निवृत्ती घेतली, त्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी ई.एस.आय.ची वैद्यकीय सोय चालू ठेवता येते. महिन्याला दहा रुपये! इतकी स्वस्त सोय असूनही ती पुष्कळांना ठाऊक नसते.

तीन, महानगरपालिकेची आरोग्य केंद्रे, उमरवाड्याचे स्मीमेर रुग्णालय आणि मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल रुग्णालय. रांग लांब असते, हे खरे. पण रक्तदाब आणि मधुमेह ही जन्माची दुखणी आहेत. त्यांच्या तपासणीसाठी महिन्यातून एक सकाळ रांगेत घालवणे परवडते.

चार, जनऔषधी दुकाने. तेच औषध तिथे मूळ नावाने आणि पुष्कळ कमी किमतीत मिळते. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि बदल त्यांना विचारूनच करावा. पैसे वाचवण्यासाठी गोळी एक दिवसाआड घेणे, ही काटकसर नव्हे. ती उद्याच्या मोठ्या खर्चाला दिलेले आमंत्रण आहे.

शिधा, कागद आणि सीमा

आपण दोन राज्यांची माणसे आहोत. कोणती सोय सीमा ओलांडते आणि कोणती ओलांडत नाही, हे समजून घेतले पाहिजे. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. आपले कागदही तसेच आहेत.

रेशन सीमा ओलांडते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशन कार्डाची अदलाबदल प्रथम सुरू झाली. आंध्र आणि तेलंगण ही त्या वेळची दुसरी जोडी. अन्नसुरक्षा योजनेतील कार्ड नंदुरबारचे असले, तरी अंगठा देऊन सुरतेच्या दुकानात धान्य घेता येते. म्हणून दोन राज्यांत दोन कार्डे ठेवू नयेत. ते बेकायदेशीर आहे आणि आता त्याची गरजही नाही.

पेन्शनही सीमा ओलांडते. १ जानेवारी २०२५ पासून कामगार पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून मिळण्याची व्यवस्था झाली. गाव बदलले म्हणून पेन्शनीचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्याची यातायात संपली. हयातीचा दाखला कामगार पेन्शनरांना वर्षातून कोणत्याही महिन्यात देता येतो आणि तो त्या दिवसापासून बारा महिने चालतो. बँकेत, पोस्टात किंवा घरी मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. सरकारी पेन्शनरांनी मात्र नोव्हेंबर महिना चुकवू नये. दाखल्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहावी.

महाराष्ट्र एस.टी.ची सवलत सीमा ओलांडत नाही. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ मध्ये मोफत प्रवास मिळाला आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, ते महाराष्ट्राच्या हद्दीत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, हेही ध्यानात ठेवूनच गावच्या खेपा ठरवाव्यात. तसेच श्रावणबाळ योजनेसारखी राज्याची मदत त्या राज्यातील रहिवाशांसाठी असते. इकडे कायमचे राहायचे ठरवून आधार कार्डावरचा पत्ता बदलण्यापूर्वी कोणती सोय जाईल आणि कोणती येईल, याचे टाचण करावे.

एक सावधगिरी. पेन्शन बंद होईल, दाखला फोनवर द्या, आलेला आकडा सांगा, असे कोणी फोनवर म्हणाले, तर फोन ठेवून द्यावा. कोणतीही बँक असा आकडा मागत नाही. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे अडवून ठेवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

घरधनिणीचा विचार

हिशेब मांडताना आपण नेहमी दोघे जिवंत आहेत असे धरतो. पण दोघांपैकी एक मागे राहणार, आणि बहुधा ती पत्नी असते. कामगार पेन्शनरामागे त्याच्या पत्नीला त्याच्या पेन्शनीच्या निम्मी पेन्शन मिळते. ती किमान १,००० रुपये. म्हणजे वरच्या उदाहरणातील २,००० चे एक हजार होतील. ठेव दोघांच्या नावे असेल, तर तिचे २,७३३ चालू राहतील आणि बाईंच्या हाती ३,७३३ रुपये येतील. ठेव एकट्याच्या नावावर आणि नामनिर्देशन मुलाचे, अशी मांडणी असेल, तर तिच्या हाती हजारच उरतील. एका सहीचा हा फरक आहे.

म्हणून प्रत्येक पेन्शनराने एका कापडी पिशवीत पुढील कागद एकत्र ठेवावेत: पेन्शनीचा आदेश, बँकेचे पुस्तक, ठेवीच्या पावत्या, दोघांची आधार कार्डे, लग्नाचा व नात्याचा पुरावा. पत्नीचे नाव सर्व ठिकाणी एकाच प्रकारे लिहिलेले आहे की नाही, ते पाहावे. आपल्याकडे माहेरचे एक नाव, सासरचे दुसरे आणि रेशन कार्डावर तिसरेच, असे सर्रास असते. आणि ते नेमके नको त्या वेळी आड येते. ही पिशवी कोठे आहे, हे पत्नीला ठाऊक असावे. बँकेत पैसे काढायला तिला एक-दोनदा तरी बरोबर न्यावे.

वेळ आणि माणसे

पैसा पुरला, पण दिवस सरत नसला, तर तेही सुख नव्हे. गावात माणूस पारावर जाऊन बसतो. इथे दोन खोल्यांत टीव्ही, सून कामात, नातू शाळेत. म्हणून इथला पार आपणच उभा करावा लागतो. सकाळी ज्या बाकावर चार मराठी म्हातारे बसतात, तिथे पाचव्याने जाऊन बसावे. गुजराती बोलायला शिकावे. साठीतही ती महिन्या-दोन महिन्यांत कानावर बसते, आणि अक्षरे बरीचशी देवनागरीच्या वळणाची आहेत. शेजारच्या काकांना त्यांच्या भाषेत केम छो म्हटले, की परका मुलूख निम्मा आपला होतो.

आजीबाईंच्या हातात तर विद्याच आहे. कुरडया, बिबड्या, पापड, कळण्याचे पीठ, यांना आपल्याच वस्तीत गिऱ्हाईक आहे. साड्यांना टिकल्या-खडे लावण्याचे काम मात्र डोळे सांभाळूनच घ्यावे. नातवंडांशी अहिराणीत बोलावे. शहरातली मराठी शाळा जे शिकवू शकत नाही, ते आजीच शिकवू शकते. आखाजी येते आणि श्रावणात कानबाई बसते, तेव्हा घरातील सर्वांत महत्त्वाचे माणूस म्हातारेच असते, हे मुलांनीही ओळखावे.

तरुणांसाठी दोन शब्द

ही स्मरणिका घरातील तरुणही वाचतील. यंत्रमागावर आणि बाजारात काम करणाऱ्या आपल्या पुष्कळ मुलांची भविष्यनिर्वाह निधीत नोंदच नसते. अशांसाठी २०१५ साली सुरू झालेली अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वयातल्यांना ती घेता येते. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ती बंद झाली. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये हवे असतील, तर १८ व्या वर्षी सुरू करणाऱ्यास महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, २५ व्या वर्षी ३७६, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १,४५४. उशीर किती महाग पडतो, हे याहून स्पष्ट काय सांगावे? आणि जिथे नोंद होते, तिथे पगाराच्या चिठ्ठीवरील कापलेली रक्कम खरोखर खात्यात जमा झाली की नाही, ते दर तीन महिन्यांनी मोबाईलवर पाहावे.

अभ्यास

या महिन्यात प्रत्येक घराने पुढील सहा कामे करावीत, अशी आमची विनंती आहे.

१. पेन्शन, ठेवीचे व्याज आणि इतर मिळकत एका कागदावर लिहून वरच्याप्रमाणे सहा वाटण्या कराव्यात.
२. दोघांपैकी एक मागे राहिल्यास किती मिळेल, तो आकडा त्याखाली लिहावा.
३. प्रत्येक ठेवीवरचे दुसरे नाव आणि नामनिर्देशन तपासावे.
४. हयातीच्या दाखल्याची तारीख दिनदर्शिकेवर टाकावी.
५. आधार कार्डावरील नाव आणि जन्मतारीख पाहावी. सत्तरी झाली असेल, तर आयुष्मान कार्ड काढावे.
६. गावच्या घराचा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत, ते वाचावे.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे काम शेजारच्या शिकल्यासवरल्या मुलाने किंवा मुलीने करून द्यावे. एका घराला फार तर दोन संध्याकाळी लागतील. न्यासाने आजवर जी कामे केली, त्यांत या कामाची भर पडली, तर आपल्या गल्लीतील एखादी आजी पहिल्या तारखेला बँकेत स्वतः जाईल, स्वतः सही करील आणि येताना नातवासाठी चार केळी घेऊन येईल. एवढे झाले, तरी हा लेख लिहिल्याचे समाधान आम्हांला पुरेसे आहे.